वजनदार ब्लँकेटपेक्षा सहाचा चहा बघा

झोप नीट लागावी म्हणून वजनदार ब्लँकेट (मुद्दाम जड केलेलं पांघरूण) घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याचं घ्या म्हणतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 किलो. मे महिन्यात त्याखाली झोपून दाखवा! वजनच हवं असेल तर थंडीत आजीची लुगड्यांची गोधडी आहेच.

मला फरक पडला तो संध्याकाळी सहाचा चहा सोडल्यावर. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे अकराला आडवं होताना अर्धा कप अजून जागाच. (पहिला आठवडा डोकं दुखलं, घरच्यांवर चिडचिडही झाली.)

शिवाय झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ. उलटं वाटेल, पण त्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त जास्त जातं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थंडावतं. झोप लागायला तेच हवं असतं.

काशाच्या वाटीने तळपाय चोळून घेतले की मला छान गुंगी येते. तळवे काळे होतात ती मात्र ‘बाहेर पडलेली उष्णता’ नव्हे हो, वाटीचा धातू आहे तो.

आणि घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर ब्लँकेट, चहा सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.