लांब दांड्याच्या विळ्याचं टोक जमिनीत घुसतंय, काय चुकतंय?

बांधावरचा: नमस्कार मंडळी. ब्रशकटरचा आवाज आणि हाताला येणाऱ्या मुंग्या यांना कंटाळून लांब दांड्याचा विळा घेतला, तो स्काईथ म्हणतात तो, पातं 75 सेंमीचं आहे. व्हिडिओत माणसं चालता चालता गवत आडवं करत जातात, माझं मात्र दोन फेऱ्यांत एकदा टोक मातीत घुसतं नाहीतर गवत नुसतं वाकून परत उभं राहतं. 15 मिनिटांत खांदे भरून येतात. निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, रोज लावतो तरी धार टिकत नाही, पातं खराब निघालं का? आणि मी डावखुरा आहे, त्याचा काही संबंध असेल का?

गवतकरी: पातं ठीक असणार, तुम्ही ते कोयत्यासारखं मारताय असं वाटतंय. हा विळा मारायचा नसतो, सरकवायचा असतो. पात्याची पाठ जाताना आणि परत येतानासुद्धा जमिनीला टेकलेली राहिली पाहिजे, हवेत उचललं की खाली येताना टोक घुसतंच. हात जवळजवळ स्थिर ठेवा आणि कमरेतून वळा, पाय थोडे फाकलेले, वजन उजवीकडून डावीकडे गेलं पाहिजे, आणि पातं सरळ रेषेत नाही तर तुमच्याभोवती अर्धगोल फिरलं पाहिजे. एका फेऱ्यात पुढचं फक्त 4-5 सेंमी गवत घ्या, हावरटपणा केला की खांदे जातात. दांडा उभा धरून बघा, खालची मूठ कमरेच्या सांध्याला यायला हवी आणि दोन मुठींत कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत अंतर हवं. शिकताना 60-65 सेंमीचं पातं सोपं जातं, 75 चं आवरत नाही सुरुवातीला.

ऐरणीजवळ: रोज निसणा लावतो म्हणालात ना, तिथेच घोळ आहे. रोज नाही, दर 5-10 मिनिटांनी लावायचा! म्हणूनच जुने लोक निसणा पाण्याच्या डबीत घालून कमरेलाच बांधायचे. ओला दगड, दांड्याकडून टोकाकडे जात, एकदा वरून एकदा खालून, हलक्या हाताने, अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि तेवढीच पाठीला विश्रांती. पण निसण्याने धार जाड होत जाते, मग कितीही घासा उपयोग नाही. हातोडीने ठोकून घडवलेलं पातळ पातं असेल तर 4-8 तासांच्या कापणीनंतर छोट्या ऐरणीवर धारेची कड थंडच ठोकून पातळ करायची असते, लोहार खुरपी तापवून, ठोकून शेवटतो तसं तापवायचं अजिबात नाही, तापवलं की पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. जाड साच्यातलं कडक पातं असेल तर ते ठोकायचं नाही, फुटतं, त्याला पाण्याने ओल्या ठेवलेल्या धारेच्या दगडी चाकावर घासायचं. तुमचं कुठलं आहे ते आधी बघा. आणि कापायला पहाटे जा, दवाने गवत जड आणि ताठ असतं, दुपारी वाळलं की वाकून निसटतं.

खुरपंवाली: डावखुरेपणाचं म्हणाल तर डाव्या हाताची पाती मिळतात पण चार जण ओळीत कापायला उतरले की उलटा फिरणारा विळा शेजारच्याच्या पायावर येतो, त्यामुळे बरेच डावखुरे उजवीच पद्धत शिकतात, काम कमरेचं असल्याने जमतं. मला मात्र एक सांगावंसं वाटतं, हा विळा आला म्हणून दातेरी विळा टाकून देऊ नका. पिकलेलं धान्य कापताना हातात मूठ धरून कापलं की दाणे कमी सांडतात, लांब विळ्याच्या झटक्याने जास्त गळतात. झुडपाला तर लांब विळा लावूच नका, पातळ कड चेपते, त्यासाठी आखूड जाड पातं वेगळं असतं.

बांधावरचा: सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे उतरलो, पातं खाली टेकवून, दर 10 मिनिटांनी निसणा. टोक दोनदाच घुसलं आणि डावीकडे गवताची सरळ ओळ पडत गेली, ते बघून इतकं बरं वाटलं! ऐरण आणतो आता. दांडा मात्र मुठीजवळ हलायला लागलाय, रात्रभर पाण्यात ठेवू का?

ऐरणीजवळ: नको नको. पाण्याने लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट बसतं, पण वाळलं की आधीपेक्षा सैल होतं. नवी पाचर ठोका आणि दांड्याला जवसाचं तेल लावा. ठेवताना पातं भिंतीकडे करून उंचावर टांगा, घरात पोरं असतील तर नक्कीच.