घरच्या काळजीवाहकांकडून वेदनेची नोंद: संशोधनासाठी मदत हवी आहे

मी परिचारिका असून, ग्रामीण भागात घरीच अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या उपशामक (म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या) शुश्रूषेवर संशोधन करत आहे. स्मृतिभ्रंश खूप वाढलेल्या रुग्णाला वेदना किती, हे अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. म्हणून श्वास, कण्हणे, चेहरा, हालचाल आणि धीर दिल्यावर मिळणारा आराम पाहून 10 पैकी गुण देणारी ‘पेनॅड’ मापनपट्टी मी निवडली आहे. मात्र परिचारिकेच्या दोन भेटींमध्ये रुग्णाजवळ घरचेच माणूस असते, आणि कूस बदलताना आवळलेली मूठ त्यालाच आधी दिसते. अशा काळजीवाहकांना ही नोंद कशी शिकवावी, त्यांच्या व परिचारिकेच्या नोंदींतील मेळ कसा तपासावा, आणि रुग्णाच्या वतीने संमती कोणाची घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.