महाविद्यालयीन फुटबॉलनंतर व्यावसायिक क्लबपर्यंत पोहोचायचे कसे?

दारव्हेकर_मामा:
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझा भाचा बी.ए.च्या अंतिम वर्षाला असून गेली दोन वर्षे तो अमरावती विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत डाव्या विंगला खेळतो आहे. येत्या जूनमध्ये त्याला एकवीस वर्षे पूर्ण होतील. गावात मैदान म्हणावे असे काही नाही. दिवाळीच्या सुमारास शाळेच्या पटांगणावर सोयाबीन वाळत पडलेले असते, तेव्हा हा धुऱ्याधुऱ्याने धावून घेतो; पावसाळ्यात तर काळी माती बुटांच्या स्टडमध्ये अशी बसते की दर दहा मिनिटांनी पऱ्हाटीच्या काडीने ती उकरून काढावी लागते.

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. परराज्यातील एका क्लबच्या चाचणीसाठी नोंदणी व निवास मिळून पस्तीस हजार रुपये आधी भरावे लागतील, असे ते म्हणाले. कापसाचा चुकारा नुकताच हाती आल्यामुळे बहीण पैसे द्यायला तयार आहे; मी तिला थांबवून धरले आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंना क्लब थेट निवडतात असे वाचनात आले. आपल्याकडे तशी काही सोय आहे काय?

माजी_गोलरक्षक_नागपूर:
मामा, पैसे देऊ नका. चाचणी घेणारा क्लब उमेदवाराला जेवणखर्च कदाचित देणार नाही, परंतु मैदानात उतरण्याचे पस्तीस हजार मागणारा माणूस खेळाडू शोधत नसून गिऱ्हाईक शोधत असतो. फिफाने २०२३ पासून एजंटांना परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला आहे. त्या गृहस्थांना परवाना क्रमांक विचारा, म्हणजे पुढचा फोन बहुधा येणार नाही.

आता अमेरिकेविषयी. तेथे मेजर लीग सॉकरचे क्लब २००० सालापासून सुपरड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतून, महाविद्यालयीन खेळाडू निवडत आले आहेत हे खरे. पण क्लबांच्या स्वतःच्या अकादम्यांतून किशोरवयातच खेळाडू तयार होऊ लागल्यापासून तिथेही त्या निवडीचे महत्त्व बरेच घटले आहे. आपल्याकडे असा ड्राफ्ट नाही, आणि आंतरविद्यापीठ सामने पाहायला क्लबांची माणसे क्वचितच येतात. ती लीगचे सामने पाहतात. म्हणून भाच्याने पदवीची वाट न पाहता याच हंगामात नागपूरच्या जिल्हा लीगमधील एखाद्या क्लबकडून खेळावे. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या जुन्या संघांमुळे इकडे फुटबॉलची परंपरा आहे, आणि चांगला डावखुरा विंगर कोणत्याही प्रशिक्षकाला हवाच असतो.

क्लबने त्याची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत केली की तो कागदोपत्री खेळाडू होतो; त्याआधी तो केवळ विद्यार्थी. तिथून पुढे राज्य संघ आणि राज्याराज्यांमधली संतोष करंडक स्पर्धा, किंवा आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या खालच्या स्तरावर २०२३ मध्ये सुरू झालेल्या आय-लीग ३ मधील एखादा संघ, अशा पायऱ्या आहेत. आय-लीगच्या विजेत्याला वरच्या लीगचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे (आयएसएल), दार २०२२-२३ च्या हंगामापासून उघडले आणि पंजाबचा संघ त्यातूनच आयएसएलमध्ये गेला. करार झाला तर तो लेखी हवा आणि त्यातील मानधन खेळाच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक हवे, कारण फिफाच्या नियमांत व्यावसायिक खेळाडूची व्याख्याच तशी आहे.

एक कटू गोष्टही सांगतो. एकविसावे वर्ष उशिराचे आहे. रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग मुख्यतः एकवीस वर्षांखालील मुलांसाठी आहे, म्हणजे ती वाट त्याच्यापुरती बंद होत आली. मी स्वतः ‘आधी पदवी होऊ दे’ म्हणत तीन हंगाम घालवले आणि पुढे एका कार्यालयाच्या संघात गोलपोस्टइतकाच स्थिर झालो.

क्रीडाशिक्षिका_वर्धा:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र विद्यापीठाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. ती क्लबला दाखवून उपयोग नाही, नोकरीला असू शकतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. निव्वळ सहभागाचे प्रमाणपत्र आणि पहिल्या तीन क्रमांकांचे प्रमाणपत्र यांत फार अंतर असते, हे माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगावे लागते. विभागीय स्पर्धेत संघ पहिल्या चारांत आला, तरच अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येते. तेव्हा यंदाची स्पर्धा त्याने सोडू नये. शिवाय महासंघाचा डी-परवाना हा प्रशिक्षकांचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. खेळत असतानाच तो करून ठेवणे शहाणपणाचे.

बडनेरा_ते_दादर:
मी असहमत आहे. नागपुरात एक हंगाम घालवण्यापेक्षा मुलाने सरळ विदर्भ एक्सप्रेस पकडावी. मुंबईच्या लीगमध्ये सामने अधिक होतात आणि पाहणारेही अधिक असतात.

माजी_गोलरक्षक_नागपूर:
दादा, मुंबईत खोलीचे भाडे कोण भरणार? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला, तेव्हा काही क्लबांनी आपल्या नामांकित खेळाडूंचेही पगार रोखले होते. एका हंगामाची कामगिरी आणि ओळखीचा प्रशिक्षक पाठीशी असल्याशिवाय दारव्ह्याच्या मुलाला तिकडे धाडणे मला पटत नाही. पुढच्या वर्षी जाऊ द्या.

दारव्हेकर_मामा:
सर्वांचा आभारी आहे. त्या गृहस्थांना परवाना क्रमांक विचारला. ‘साहेबांना विचारून कळवतो’ म्हणाले, त्यानंतर फोन बंद आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे पहाटेच्या एसटीने नागपूरला येत आहोत. जन्मदाखला, आधार कार्ड व छायाचित्रे सोबत घेतली आहेत. दाखल्यावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे आहे. नोंदणीत त्याची अडचण येईल का, एवढे कोणी सांगावे.

क्रीडाशिक्षिका_वर्धा:
येऊ शकते. आधी आधार कार्ड आणि जन्मदाखला यांवरील नाव एकसारखे करून घ्या, मगच अर्ज भरा.