भेगांचा फोटो, आणि महिना

फोटो असला की लिहायला काही उरत नाही, असं म्हणतात; मला ते निम्मंच पटतं. दुष्काळाची बातमी आली की भेगाळलेल्या जमिनीचा फोटो ठरलेला. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, काळी भारी जमीन. ही माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते, त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतातच. लहानपणी आमचा चेंडू अशाच एका भेगेत गेला होता, कोपरापर्यंत हात घातला तरी लागला नाही. बाबा म्हणाले, "राहू दे, पानी आला का बुजते ते." चेंडूसकट बुजली. तेच दृश्य ऑगस्टमधलं असेल तर मात्र पोटात गोळा येतो, कारण तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, शेतात उभी असते. भेग तीच, फरक सांगतो तो खाली लिहिलेला महिना. आणि नेमका तोच बहुतेक वेळा नसतो.

उलटंही पाहिलंय, सांगून न कळलेलं फोटोने कळलेलं. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बोंडं बाहेरून हिरवीगार. अळी लहान असतानाच आत शिरते, छिद्र बुजून जातं. पुण्यातल्या मामांना फोनवर कितीही सांगा, "फवारा की मग!" एवढंच. शेवटी एक बोंड फोडून, आतली अळी आणि किडका पिवळा कापूस दिसेल असा फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. अर्थात, बोंड न फोडता फोटो पाठवला असता तर मामांनी पीक जोरात आहे म्हणून पार्टी मागितली असती.