अनुभव धागा : वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या रेल्वे

उत्तर वेल्सच्या डोंगरांतून छपरांसाठी पाटीचा दगड निघायचा. तो बंदरावर पोचवायला छोट्या रेल्वे बांधल्या. खाणी मंदावल्या तशा त्या बंद पडल्या आणि हौशी लोकांनी पुन्हा उभ्या केल्या. २०२१ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत आला. आपल्यापैकी बरेच जण तिकडे जाऊन आलेत, तर सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. फेस्टिनियॉग रेल्वे १८३६ साली सुरू झाली तेव्हा इंजिन नव्हतंच. खाणीपासून पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत रुळांना सलग उतार दिलेला. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनानेच खाली यायच्या आणि रिकाम्या घोडे वर ओढून न्यायचे. उतरताना घोडेसुद्धा वाघिणीत उभे राहून, वैरण खात यायचे! हे कळल्यापासून मुलगी दर वळणावर घोड्यांबद्दलच विचारत होती.

पुण्याहून
सासरे रेल्वेत फिटर होते. पोर्थमॅडॉगला ते इंजिनापाशी जे थांबले, ते हलायलाच तयार नाहीत. ‘मेर्डिन एम्रिस’, १८७९ सालचं, याच रेल्वेच्या कारखान्यात बांधलेलं. दोन्हीकडे तोंड, दोन्हीकडे धुराडं, भट्ट्या मधोमध. त्यामुळे चालक बॉयलरच्या एका बाजूला आणि फायरमन दुसऱ्या बाजूला. चाकांचे दोन संच वेगवेगळे वळतात, म्हणून एवढं लांब इंजिन जेमतेम दोन फुटी रुळांवरच्या वळणांतून सहज जातं. फायरमनने बाबांना बाजूने कोळसा कसा टाकतात ते करून दाखवलं. भाषेची अडचण दोघांनाही आली नाही.

मँचेस्टरहून
मला सगळ्यात भारावून टाकलं ते याच फेस्टिनियॉग रेल्वेवरच्या दिआश्त स्टेशनने. १९४६ मध्ये गाडी बंद झाली, १९५५ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागली. पण वरचा मार्ग तोवर वीजप्रकल्पाच्या जलाशयाने गिळला होता. इथे कुणीही नाद सोडला असता. या लोकांनी १९६५ ते १९७८ या काळात डोंगर फोडून नवा मार्ग काढला, बोगदा खणला, आणि उंची गाठायला दिआश्तला रूळ गोल फिरवून स्वतःवरूनच पार नेले. त्यात विद्यार्थी होते, सुट्टी टाकून आलेले नोकरदार होते. खिडकीतून आपण नुकतेच आलो तो रूळ खाली दिसतो. वरच्या टोकाच्या ब्लायनाय गावापर्यंत गाडी पोचली १९८२ मध्ये.

लीड्सहून
एक कळकळीची विनंती. ब्लायनायला उतरून लगेच परतीची गाडी पकडू नका. गावाभोवती टाकाऊ दगडाचे काळपट ढीग डोंगराएवढे आहेत. जवळच लेखवेदची खाण बघता येते. तिथे खाणकामगार मांडीला साखळीचा वेढा घालून कड्यावर लटकत, मेणबत्तीच्या उजेडात भोकं पाडत. मेणबत्त्याही स्वतःच्या पैशाने आणायच्या. हे पाहिल्याशिवाय गाडीतला प्रवास अर्धाच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

कार्डिफहून
गर्दी नको असेल तर टॅलिलिनला जा. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे हीच, १९५१ पासून. टायविनच्या स्टेशनातलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय सोडू नका. पावसाळी जाकीट मात्र जुलैतही हवंच.