अभय कुणाचं, झैनबचं की तिच्या वडिलांचं?

रानजाई
इस्लामच्या आरंभकाळातल्या कुरैशी (मक्केतल्या कुरैश टोळीच्या) घराण्यांच्या बायकांबद्दल बोलताना 'अमक्याची मुलगी, तमक्याची बायको' म्हणून विषय आटोपतात. मला हे पटत नाही. नाती निभावत होत्या त्या बायकाच.

झैनबचंच बघा. प्रेषित मुहम्मदांची लेक. नवरा अबुल आस म्हणजे तिचा मावसभाऊ, तिची आई खदीजा यांच्या बहिणीचा मुलगा. ६२४ मध्ये बद्रच्या लढाईत तो मुसलमानांविरुद्ध मक्केच्या बाजूने लढला आणि पकडला गेला. सुटकेसाठी झैनबने मक्केहून ऐवज पाठवला, त्यात आईने लग्नात दिलेला हार होता. तो ओळखून वडील गहिवरले. सोबत्यांच्या संमतीने कैदीही सुटला, हारही परत गेला.

पुढे झैनब मदीनेत आली. काही वर्षांनी अबुल आसचा व्यापारी तांडा मुसलमानांच्या हाती लागला, तेव्हा तो रात्री लपतछपत तिच्याकडे पोचला. पहाटेच्या नमाजाला लोक जमलेले असताना तिने मोठ्याने जाहीर केलं, अबुल आसला मी अभय दिलंय. वडिलांनाही आधी पत्ता नव्हता. तरी तिचा शब्द पाळला गेला आणि त्याचा माल परत मिळाला.

काळा कातळ
असहमत. त्याच प्रसंगी प्रेषितांनी सांगितलं की मुसलमानांतला अगदी साधा माणूसही अभय देऊ शकतो. म्हणजे हा हक्क नव्या समाजाने दिलेला, घराण्याचा नव्हे. आणि अबुल आसला सोडताना झैनबला मदीनेला पाठवायची अट होती, ते तुम्ही गाळलंत. संसार मोडायचा निर्णय पुरुषांनीच घेतला.

प्रेषितांची पत्नी उम्म हबीबा, तिचं काय? तिचा बाप अबू सुफियान, मक्केचा पुढारी. मक्का आणि मुसलमान यांच्यातला हुदैबियाचा तह वाचवायला मदीनेत आला, लेकीकडे गेला, तर तिने प्रेषितांचं अंथरूण गुंडाळून ठेवलं. बापाला त्यावर बसू दिलं नाही. इथे रक्ताच्या नात्याला काय किंमत उरली?

रानजाई
पण कोणतं नातं धरायचं हे तिनेच ठरवलं ना? अटीचा मुद्दा मान्य, त्याने झैनबचं दुःख वाढतं, धैर्य कमी होत नाही. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर उम्म हानीने सासरकडच्या दोघांना घरात लपवलं. त्यांना मारायला आला तो तिचा सख्खा भाऊ अली! तिने दार लावून घेतलं आणि थेट प्रेषितांकडे दाद मागितली. त्यांनी तिचं अभय उचलून धरलं. सासरच्या माणसांसाठी भावाला अडवणारी बाई दुय्यम कशी?

जुनी वही
हे सगळं लिहिलं गेलं कधी, तेही बघा. प्रेषितांचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं सविस्तर चरित्र आठव्या शतकातल्या इब्न इसहाकच्या संकलनावर उभं आहे. ७५० मध्ये उमय्या घराण्याच्या खलीफांना हटवून अब्बासी घराणं गादीवर आलं. उमय्या खलीफा मुआवियाची आई हिंद, तिने उहुदच्या रणात प्रेषितांचे काका हमजा यांचं काळीज चावल्याची कथा त्या काळात आवडीने सांगितली गेली असणार. बद्रला तिचे वडील, काका आणि भाऊ पडले होते, हे मात्र वाचणारे विसरतात.

काळा कातळ
अब्बासींचंच घ्या मग. खलीफा हारून अल-रशीदची बेगम झुबैदा ही खलीफा मन्सूरची नात. तिचा मुलगा अमीन आईबाप दोन्हींकडून हाशिमी (प्रेषितांच्या कुळातला), तर सावत्रभाऊ मामूनची आई इराणी दासी. ८१३ मध्ये अमीन मारला गेला, गादी मामूनला मिळाली. आईच्या घराण्याने त्याला वाचवलं नाही.

रानजाई
अमीनला नाही वाचवलं. पण हजच्या वाटेवर तिने बांधवलेल्या विहिरी आणि तलावांमुळे कूफा ते मक्का हा रस्ता आजही 'दर्ब झुबैदा' म्हणून ओळखला जातो. हारूनच्या नावाने नाही.