मदत हवी आहे: आईला हायटस हर्निया निघालाय, ॲसिडिटी त्याचीच का?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६१. पित्ताचा त्रास तिला कित्येक वर्षांपासून आहे, पण तो तिने अंगावरच काढला. छातीत जळजळलं की एखादी गोळी चघळायची आणि कामाला लागायचं. गेल्या चार महिन्यांत मात्र प्रकार वेगळाच झालाय. चप्पल घालायला वाकली तरी आंबट पाणी घशाशी येतं. रात्री दीड-दोनला ठसका लागून उठते आणि मग पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहते. मी शेजारीच झोपते, त्यामुळे हे रोज बघतेय.

छातीत दुखायचं म्हणून आधी हृदयाच्या तपासण्या केल्या, त्या नीट आल्या. मग एंडोस्कोपी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: झेड-लाइन ३५ सेमी, डायफ्रामचा चिमटा ३८ सेमी, स्लायडिंग हायटस हर्निया, इसोफेजायटिस एलए ग्रेड बी. पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ आठ आठवड्यांसाठी दिलंय, त्यातले पाच झाले. जळजळ निम्म्याने कमी झाली, पण पाणी वर यायचं काही थांबत नाही.

मावशी म्हणते ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. काका म्हणतात, हर्निया कितीतरी जणांना असतो, त्याचं काय घेऊन बसलात. मला कळत नाहीये की हर्नियामुळे ॲसिडिटी होतेय की ॲसिडिटीमुळे हर्निया झाला. गोळ्यांनी हर्निया जातो का? जात नसेल, तर पाच आठवडे आपण नेमका कशावर उपचार करतोय? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मला हा त्रास नऊ वर्षं आहे. डॉक्टर नाही, पण माझ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, ते सांगतो.

आधी ते आकडे. दोन्ही आकडे पुढच्या दातांपासून मोजलेलं अंतर आहेत. झेड-लाइन म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर संपून जठराचं अस्तर सुरू होतं ती रेघ. चिमटा म्हणजे श्वासपटलाच्या ज्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते, ती जागा. दोन्ही जवळपास एकाच पातळीवर असायला हवीत. आईंच्या बाबतीत मधे ३ सेमी अंतर पडलंय, म्हणजे जठराचा तेवढा भाग छातीत सरकलाय.

आता ॲसिडिटीशी संबंध. जठरातलं वर येऊ नये म्हणून दोन बंदोबस्त असतात: अन्ननलिकेच्या तळाचा गोल स्नायू आणि त्याला बाहेरून आवळणारं श्वासपटल. दोन्ही एकाच जागी असतात तेव्हा एकमेकांना बळ देतात. हर्नियात त्यांची फारकत होते. मधल्या पिशवीत आम्ल साठून राहतं आणि वाकलं, आडवं झालं किंवा नुसतं गिळलं तरी ते वर जाऊ शकतं. तुम्ही चपलेचं लिहिलंत ना, ते अगदी हेच.

गोळी आम्ल कमी करते, म्हणून जळजळ उतरते आणि अन्ननलिकेचे ओरखडे, म्हणजे रिपोर्टमधला इसोफेजायटिस, भरून येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच: उपचार त्या ओरखड्यांवर चाललाय. फारकत तशीच राहते, त्यामुळे पाणी येतच राहतं, फक्त कमी आंबट. गोळीने हर्निया जात नाही.

काकांचं मात्र अगदीच चूक नाही. हर्निया असून काहीही त्रास नसलेली माणसं भरपूर आहेत, आणि हर्निया नसताना रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर येण्याचा त्रास, असलेलीही. १९५१ मध्ये फिलिप ॲलिसन या ब्रिटिश सर्जनने दोन्हींचा संबंध ठामपणे मांडला, नंतर बराच काळ सगळा दोष स्नायूच्या कमजोरीवर गेला. आज दोन्ही गोष्टी धरतात. लठ्ठपणा, वाढतं वय, सततचा खोकला, शौचाला कुंथणं, यांनी पोटातला दाब वाढतो किंवा ते भोक सैल होतं. उलट बाजूही थोडी आहे: दाह वर्षानुवर्षं राहिला तर अन्ननलिका आखडून जठराला वर ओढू शकते.

एक विचारतो, गोळी कधी घेतात?

धागाकर्ती

इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. गोळी रात्री जेवण झाल्यावर घेते, झोपताना. त्रास रात्रीचा म्हणून आम्हीच तसं ठरवलं. उशालाही तीन उशा देते.

प्रतिसाद २

दोन्ही बदला, ताई. ही गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची असते, एकदाच असेल तर बहुधा सकाळी. जेवणाने आम्ल बनवणारे पंप जागे होतात, तेव्हा औषध रक्तात असायला हवं. डॉक्टरांना फोन करून विचारा, पण विचाराच.

उशांच्या चवडीने माणूस कमरेत वाकतो आणि पोट उलट दाबलं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे देऊन ती बाजू १५ ते २० सेमी उचला. डाव्या कुशीवर झोपू द्या, तसं झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने सगळ्यात टिकाऊ फरक पडतो.

ऑपरेशनचं म्हणाल तर माझ्या वडिलांचं झालंय, दुर्बिणीतून. जठर खाली ओढून भोक शिवतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात; पूर्ण गुंडाळला तर निसेन, २७० अंश तर तूपे. त्याआधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेच्या स्नायूंचा जोर मोजायची तपासणी, झाली, कारण अन्ननलिका ढकलण्यात कमजोर असेल तर घट्ट गुंडाळी गिळण्याच्या आड येते. आम्ल किती वेळा वर येतं ते बघणारी २४ तासांची पीएच तपासणीही झाली. पाण्याचा त्रास गेला, पण पहिले काही आठवडे घास अडकायचा आणि ढेकर अजूनही नीट येत नाही, पोट फुगतं. आम्हाला पस्तावा नाही, तरी मावशी म्हणतात तसं ‘करून मोकळं’ होण्याएवढं ते सोपं नाही.

घास अडकू लागला, वजन आपोआप उतरलं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, हिमोग्लोबिन घसरलं, तर तीन आठवडे थांबू नका. छातीत किंवा पोटात अचानक असह्य कळ येऊन उलटीचे नुसतेच उमाळे आले, तर थेट रुग्णालय गाठा. आणि छातीत दुखलं तर ‘पित्तच असेल’ म्हणून घरी बसू नका, आधीच्या तपासण्या चांगल्या असल्या तरी.

धागाकर्ती

डॉक्टरांशी आत्ताच बोलले. गोळी उद्यापासून सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास. मॅनोमेट्रीचं ते पुढच्या भेटीत बघणार आहेत. भावाने दोन जाड लाकडी ठोकळे आणून पलंगाखाली घातलेत, आई म्हणते घसरल्यासारखं वाटतंय. आज डाव्या कुशीवर झोपवते. आठवड्याने इथेच लिहीन.